उघड्या टपाची गाडी: आरसे आणि आंधळी जागा

गाडी चालवणाऱ्याला आरशांत दिसत नाही आणि समोर पाहताना डोळ्याच्या कडेलाही येत नाही, असा गाडीलगतचा भाग म्हणजे आंधळी जागा. चालकांच्या बोलण्यात तिला ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात. ऑटोपासून ट्रेलरपर्यंत प्रत्येक वाहनाला ती असते; फरक असतो तो तिच्या आकारात आणि ठिकाणात. पक्क्या टपाच्या मोटारीत ही जागा कारखान्यातच ठरते आणि गाडी भंगारात जाईपर्यंत फारशी बदलत नाही. कापडी हूडच्या गाडीत मात्र ती सकाळी एक आणि दुपारी दुसरी असू शकते, कारण हूड चढवला की मागचे दृश्य वेगळे आणि उतरवला की वेगळे. एका स्थितीत अंगवळणी पडलेली नजर दुसऱ्या स्थितीत दगा देते. अशा गाडीचे आरसे म्हणूनच दोन वेगवेगळ्या गाड्यांचे आरसे समजून लावावे लागतात.

बटण दाबताच टप पोटात घेणाऱ्या परदेशी मोटारी अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर क्वचितच दिसतात. पण कापडी टप वऱ्हाडाला नवा नाही. महिंद्र कंपनीने 1947 मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशके कॅनव्हासचा हूड लावलेली जीप सरकारी दौऱ्यांत, जंगलखात्यात आणि बड्या शेतकऱ्यांच्या अंगणात उभी राहिली. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटात पर्यटकांना जंगल दाखवणारी उघडी गाडी म्हणून तिचे नाव आजही पहिले घेतले जाते. 2 ऑक्टोबर 2020 रोजी बाजारात आलेल्या नव्या थारमध्ये मागे दुमडता येणारे कापडी छत हा पर्याय होता. परतवाडा, चिखलदरा, अकोट या बाजूंना सुट्टीच्या दिवशी टप उघडून निघणाऱ्या गाड्या त्यानंतर वाढल्या. या साऱ्या गाड्यांचा आंधळ्या जागेचा प्रश्न एकाच जातीचा आहे.

खरे तर आरशाचा जन्मच उघड्या मोटारीत झाला. डोरोथी लेव्हिट या इंग्लिश मोटारचालिकेने 1909 मधील आपल्या पुस्तकात स्त्रियांना सुचवले होते की, हातात धरायचा छोटा आरसा गाडीत ठेवावा आणि मागची वाहने पाहण्यासाठी तो अधूनमधून उंच धरावा. 1911 मध्ये इंडियानापोलिसच्या पहिल्या 500 मैलांच्या शर्यतीत रे हॅरून एकट्याच्या आसनाची गाडी घेऊन उतरला. इतरांच्या गाड्यांत मागे लक्ष ठेवायला शेजारी मेकॅनिक होता; हॅरूनने त्याच्या जागी आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. मेकॅनिकचे ते काम आपल्याकडे ट्रकच्या क्लीनरने अनेक वर्षे केले. डाव्या दारातून बाहेर डोकावून पत्र्यावर हाताने थाप मारायची, की ड्रायव्हरला बाजू मोकळी आहे की नाही ते कळायचे.

आरशात किती दिसेल, हे तीन गोष्टींवर ठरते: आरशाची रुंदी, डोळ्यापासूनचे त्याचे अंतर आणि त्याच्या काचेचा बाक. सपाट आरसा डोळ्याच्या बाजूने 16 सेंटिमीटर रुंद दिसतो असे धरू. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने उजवा आरसा डोळ्यापासून साधारण 70 सेंटिमीटरवर येतो, तर डावा जवळजवळ 130 सेंटिमीटरवर. हिशेब केला तर उजव्या आरशात 10 मीटर मागे सुमारे अडीच मीटर रुंदीचा पट्टा मावतो, तर डाव्यात जेमतेम 1.4 मीटरचा. आरसे जोडीचे असले तरी डावी बाजू जवळपास निम्मीच दिसते. वऱ्हाडातच नव्हे, सगळ्या देशात दुचाकीस्वार नेमके डावीकडून पुढे घुसतात. म्हणजे जिथे नजर तोकडी, तिथेच गर्दी जास्त. जुन्या कित्येक गाड्यांना डावा आरसा नसेच. असला तरी गल्लीत घासू नये म्हणून तो मिटवून ठेवलेला असे, आणि ही खोड अजूनही पुरती गेलेली नाही.

ही तूट भरून काढायला आरशाला फुगीर बाक देतात. बाक आला की मावते जास्त, पण दिसते लहान. बाकाची त्रिज्या 1.2 मीटर असेल, तर उजव्या आरशात 10 मीटर मागचा ट्रक सपाट आरशाच्या तुलनेत सुमारे निम्म्या आकाराचा दिसतो आणि दूरच्या डाव्या आरशात जवळपास एक तृतीयांश आकाराचा. मेंदू आकारावरून अंतर ताडतो. त्यामुळे 10 मीटरवरचा ट्रक उजव्या आरशात 20 मीटर मागे आहे असे वाटते आणि डाव्यात 30 मीटर मागे. बाजूच्या आरशाला कोणी आहे का एवढेच विचारावे. किती जवळ आहे याचे उत्तर आतल्या सपाट आरशाला विचारावे. पक्क्या टपाच्या मोटारीत ही कामाची वाटणी नीट चालते. कापडी हूडच्या गाडीत घोडे नेमके इथेच अडते, कारण तिथे आतला आरसाच भरवशाचा राहत नाही.

हूड चढवलेला असतो तेव्हा मागच्या दोन्ही कोपऱ्यांत जाड कापड येते. पक्क्या गाडीत तिथे लोखंडी खांब असतो, पण त्याला लागून काच असते. हूडमध्ये सांगाड्याच्या कमानी, कापडाच्या घड्या आणि शिवण मिळून चांगली हातभर रुंदीची भिंत तयार होते. चालकाने डाव्या खांद्यावरून मान वळवली तरी डोळ्यापुढे कॅनव्हासच येतो. काही हूडना त्या ठिकाणी प्लॅस्टिकची खिडकी असते. ती स्वच्छ असेल तर उत्तमच. मागची खिडकीही बहुधा प्लॅस्टिकची, लहान आणि उंचावर असते. तिच्यातून लांबून येणारे वाहन दिसते, पण गाडीला खेटून आलेली दुचाकी तिच्या खालच्या कडेखाली बुडते.

या प्लॅस्टिकची निगा हा निम्मा इलाज आहे. वऱ्हाडचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. अंगणात उघड्यावर उभ्या गाडीचे प्लॅस्टिक ऊन खाऊन आधी पिवळे पडते, मग दुधी होते. त्यावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते, आणि कोरड्या फडक्याने ती पुसली की प्रत्येक कण एक ओरखडा काढतो. दिवसा हे ओरखडे जाणवत नाहीत. रात्री मागच्या ट्रकचा डिपर पडला की त्यातला प्रत्येक ओरखडा पेटतो आणि सगळी खिडकी पांढरी होते. म्हणून आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग ओल्या मऊ कापडाने एकाच दिशेने पुसावे. पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावू नये. हूड उतरवताना खिडकीला घडी पडू नये म्हणून मध्ये जुने सुती पातळ घालावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे मोटारीच्या मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. दुधी झालेल्या प्लॅस्टिकमधून मागचा दिवा दिसतो, पण तो ट्रकचा की मोटारसायकलचा हे कळत नाही. अशी खिडकी बदलून घ्यावी. शिवणकाम करणारे सीटमेकर हे काम करून देतात आणि ते पुऱ्या हूडच्या तुलनेत कितीतरी स्वस्त पडते.

हूड उतरवला की सगळे मोकळे झाले असे वाटते आणि बऱ्याच अंशी ते खरेही असते. खांद्यावरून मान वळवली की थेट रस्ता दिसतो. डावीकडची दुचाकी आरशात नसली तरी डोळ्याला सापडते. तरीही तीन अडथळे उरतात. पहिला म्हणजे दुमडलेल्या हूडचा ढीग. तो मागच्या बाकामागे उंच बसला, तर आतल्या आरशाचा खालचा भाग झाकतो. पट्टे आवळून तो जितका खाली दबेल तितका दाबावा. दुसरा अडथळा माणसांचा. मेळघाटातल्या जिप्सीत मागची आसने पुढच्यापेक्षा उंच असतात आणि प्राणी दिसला की सगळे उभे राहतात. चालकाच्या आतल्या आरशात पर्यटकांखेरीज काही उरत नाही. अशा गाडीला बाहेरचे दोन आरसे हाच आधार, आणि ते घट्ट हवेत. जुन्या जीपच्या आरशाची दांडी सैल झाली की इंजिनाच्या थरथरीने आरशातले चित्र विरघळते. दांडीच्या बुडाचा नट आवळणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरा अडथळा उजेडाचा, आणि तो या भागात विशेष जाचतो. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा अकोल्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 स्थूलमानाने पूर्व-पश्चिम आहे. सकाळी अमरावतीहून निघालेल्याचा सूर्य पाठीशी असतो, आणि संध्याकाळी अकोल्याहून परतणाऱ्याचाही. म्हणजे जाता-येता ऊन थेट आरशांत. पक्का टप आतल्या आरशावर सावली धरतो; उघड्या गाडीत आरसा सूर्याला सरळ सामोरा असतो. आरशाखालची छोटी कळ फिरवली की चित्र मंद होते, कारण मग मागच्या चंदेरी थराऐवजी नुसत्या काचेच्या पृष्ठभागावरून परतणारा सुमारे 4 टक्के प्रकाश डोळ्यात येतो. रात्रीसाठी केलेली ही सोय उघड्या गाडीत भर दिवसाही उपयोगी पडते. मात्र त्या मंद चित्रात दिवा न लावता येणारी दुचाकी हरवू शकते, एवढे ध्यानात ठेवावे. शिवाय वाऱ्याच्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे कानाची मदतही इथे तुटते. पुढच्या आसनावरची ओढणी किंवा उपरणे डाव्या आरशाच्या आड फडफडत असेल, तर ते आधी खोचून घ्यायला सांगावे.

आता आरसे लावण्याची रीत. बहुतेक चालक बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीचा बराच भाग दिसेल असा आरसा ठेवतात. त्याने दिलासा मिळतो, पण जे आतल्या आरशात दिसतेच तेच पुन्हा दिसते आणि बाजूचा पट्टा आंधळा राहतो. अमेरिकेतील अभियंता जॉर्ज प्लाट्झर याने 1995 मध्ये या भूमितीवर एक निबंध सादर केला. त्यातली रीत आपल्या उजव्या स्टिअरिंगला अशी बसते: चालकाने डोके उजव्या काचेला टेकेपर्यंत उजवीकडे न्यावे आणि उजवा आरसा बाहेर वळवत असा ठेवावा की गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोके गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसले की दोन्ही आरशांत स्वतःची गाडी दिसत नाही. पहिले दोन दिवस हे चुकल्यासारखे वाटते, पण पुढे जाणारे वाहन आतल्या आरशातून निसटण्याआधी बाजूच्या आरशात येते आणि तिथून निसटण्याआधी डोळ्याच्या कडेला येते.

ही रीत आतला आरसा काम करतो असे गृहीत धरते. म्हणून हूड उतरवलेला असताना आणि मागे मोकळे असताना ती पुरती पाळावी. हूड चढवलेला असेल पण खिडकी स्वच्छ असेल, तरीही ती चालते. मागच्या खिडकीवर पाऊस आहे, आत वाफ धरली आहे किंवा सामान खिडकीपर्यंत रचले आहे, अशा वेळी मात्र बाजूचे आरसे थोडे आत घ्यावेत, गाडीच्या पत्र्याची बोटभर पट्टी दिसेल इतके. नाहीतर थेट मागचा रस्ता कोणाच्याच वाट्याला येत नाही. अशा वेळी बाजूचा आंधळा पट्टा परत मोठा होतो. त्याची भरपाई म्हणून आरशाच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा फुगीर गोल आरसा चिकटवावा. अंतर सांगायला तो निरुपयोगी, पण कोणीतरी आहे एवढे तो हमखास सांगतो.

आपल्या गाडीची आंधळी जागा नेमकी कुठे आहे हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही; ती मोजता येते. गाडी मोकळ्या अंगणात उभी करावी, चालकाने नेहमीसारखे बसून समोर पाहावे आणि एकाने हातात चुन्याच्या फक्कीची वाटी घेऊन मागून हळूहळू गाडीच्या कडेने पुढे यावे. आरशातून तो दिसेनासा झाला की चालकाने हाक द्यावी, तिथे फक्कीची खूण पडावी. डोळ्याच्या कडेला परत दिसू लागला की दुसरी खूण. गाडीपासून एक मीटर आणि मग दोन मीटर अंतरावरून ही फेरी दोन्ही बाजूंनी करावी, आधी हूड चढवून, मग उतरवून. खुणा जोडल्या की जमिनीवर पांढऱ्या रेषांत आंधळी जागा उमटते. हूड चढवलेल्या फेरीत डावीकडची आकृती इतकी लांब निघते की तिच्यात दोन मोटारसायकली एकामागे एक उभ्या राहतात. मग आरसा थोडा फिरवून फेरी पुन्हा करावी. आकृती आखूड होताना प्रत्यक्ष दिसते.

रस्त्यावर ही जागा किती घातक ठरेल, हे दोन वाहनांच्या वेगातल्या फरकावर अवलंबून असते. आंधळा पट्टा 5 मीटर लांब असेल आणि मागचे वाहन ताशी 25 किलोमीटरने अधिक वेगाने येत असेल, तर ते पाऊण सेकंदात पट्टा ओलांडते. वेगाचा फरक फक्त 5 किलोमीटरचा असेल, तर ते साडेतीन सेकंदांहून अधिक काळ त्यातच राहते. ताशी 80 च्या वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे 80 मीटर जाते. भरधाव कट मारून जाणाऱ्याची भीती सगळ्यांना वाटते, पण खरा धोका बरोबरीने, शांतपणे चालणाऱ्याचा असतो. अमरावती ते अकोला या महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पूर्ण होऊन गिनीज विक्रम नोंदला गेला. रस्ता गुळगुळीत झाला की सगळ्यांचेच वेग एकसारखे होतात, आणि त्यामुळे वाहने एकमेकांच्या आंधळ्या जागेत जास्त वेळ रेंगाळतात. धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना मज्जाव आहे, पण तिथे मोटारींसाठी ताशी 120 ची मर्यादा आहे. त्या वेगात एक सेकंद मान वळवली तर गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. तिथे आधी इंडिकेटर, मग दोनदा आरसा, मग खांद्यावरून निमिषभर नजर आणि मगच मार्गिका बदल, हा क्रम सोडू नये.

उघडी गाडी स्वतःही दुसऱ्याच्या आंधळ्या जागेत शिरते. प्रकाशाचा मार्ग दोन्ही दिशांनी एकच असतो. ट्रकच्या आरशात त्याच्या चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही हे पक्के. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांचा कापूस दोन्ही बाजूंना फुगलेला असतो. ट्रॅक्टरला आरसा असला तरी त्यात कापसाखेरीज काही दिसत नाही. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या गाड्यांचेही तेच. अशा वाहनाच्या कडेने रेंगाळू नये. मागे राहावे, नाहीतर हॉर्न देऊन एका दमात पुढे जावे.

आंधळी जागा पुढेही असते. टप नसल्यामुळे गाडी उलटली तर भार पेलण्यासाठी नव्या उघड्या मोटारींत समोरच्या काचेचे खांब जाड करावे लागतात. 10 सेंटिमीटर रुंदीचा खांब डोळ्यापासून 70 सेंटिमीटरवर असेल, तर दोन्ही डोळ्यांतले अंतर जमेस धरूनही 30 मीटरवर सुमारे दीड मीटर जागा झाकली जाते. दुचाकीस्वार त्यात पुरता मावतो. वऱ्हाडच्या सपाट काळ्या रानात दोन रस्ते फाट्यावर मिळतात आणि दोन्ही वाहने अखंड वेगाने एकाच वेळी तिथे पोचणार असतात, तेव्हा दुसरे वाहन शेवटपर्यंत खांबाच्या त्याच आडोशाला राहते. ते सरकताना दिसतच नाही. उपाय साधा आहे. फाट्याच्या अलीकडे वेग थोडा तोडावा आणि डोके वीतभर पुढे-मागे करावे, म्हणजे खांबाआडचे बाहेर येते. परतवाड्याहून चिखलदरा किंवा सेमाडोहकडे चढताना उजव्या वळणांवर हेच करावे लागते. पावसाळ्यात त्यात धुक्याची भर पडते. तिथे हॉर्न आणि डिपर हेच डोळ्यांचे काम करतात.

सगळ्यात मोठी आंधळी जागा मात्र गाडीच्या थेट मागे असते. चालकाचा डोळा जमिनीपासून 1.6 मीटरवर आणि त्याच्या 2.2 मीटर मागे दुमडलेल्या हूडची कड 1.4 मीटरवर असेल, तर जमीन दिसायला लागते ती त्या कडेच्या 15 मीटर मागे. 90 सेंटिमीटर उंचीचे लेकरू साडेपाच मीटर दूर जाईपर्यंत चालकाला दिसत नाही. मागच्या दारावरचा स्टेपनीचा टायर ही अडचण वाढवतो. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचा सेन्सर सक्तीचा आहे. जुन्या जीपना आणि जिप्सींना तो नाही, आणि असला तरी त्याची टिकली चिखलाने माखली की तो खोटे बोलतो. हूड चढवलेला असेल तर मागची खिडकी चेनची असल्यास ती उघडून मगच गाडी मागे घ्यावी.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचे पाणी कावडींतून अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिरात येते, तेव्हा अकोट रस्त्यावर रात्रभर अनवाणी माणसांची दाटी असते. आषाढीला निघालेली शेगावची पालखी अकोल्यातून जाते तेव्हाही तेच. अशा गर्दीत गाडी मागे घ्यायची वेळ आली, तर एका माणसाने खाली उतरावे. त्याने गाडीच्या थेट मागे उभे राहू नये. मागच्या उजव्या कोपऱ्यापासून तीन-चार पावले बाजूला, चालकाला उजव्या आरशात पूर्ण दिसेल असे उभे राहावे आणि मोकळी वाट हाताने दाखवावी. तो माणूस आरशातून दिसेनासा होताच चालकाने ब्रेक दाबावा आणि तो परत दिसेपर्यंत गाडी हलवू नये.